नीटनेटकी, हसतमुख

४ मार्च
लेकीच्या अपंग भत्त्याच्या अर्जावर शेरा आला: 'अर्जदार नीटनेटकी, हसतमुख. हालचाली समाधानकारक. भत्त्यास अपात्र.'
नीटनेटकी! मग काय गबाळी पाठवायची होती? केस मी विंचरले. बटणं मी लावली. बुटांच्या नाड्याही मीच बांधल्या. चौतीस वर्षांच्या बाईला आईने शाळेत धाडावं तशी तयार करून दिली, आणि त्या तपासणाऱ्या डॉक्टरने तिच्याकडे एकदा पाहून ठरवलं, हिला काही झालेलं नाही.
मी बाहेर बाकावर होते. आत काय झालं ते तिच्याकडूनच कळलं. "कशा आहात?" "बरी आहे." "काम जमतं?" "जमतं की."
"खोटं कशाला बोललीस?"
"खोटं कुठे? कोणी विचारलं की बरी आहे म्हणायचं, रडगाणं गायचं नाही. तूच शिकवलंस."
मी शिकवलं. मला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं. ताठ बसा, हसून बोला, पूर्ण वाक्यात उत्तर द्या. चांगल्या वळणाची ही शिक्षा!

५ मार्च
राग उतरत नाही.

११ मार्च
कचेरीत गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कामाला जाते ना? मग अपंग कशी? आणि अपंग आहे तर कामाला कशी जाते?"
समजावून सांगितलं. हा म्हातारपणचा संधिवात नव्हे, माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत. हिचं शरीर हिच्याच सांध्यांवर उठलंय. चष्म्याच्या दुकानात आधी आत बसून काचा बसवायची, बारीक स्क्रू पिळायची. बोटं वाकली तशी मालकांनी पुढे, गिऱ्हाइकांसमोर बसवली. अर्धा दिवस, अर्धा पगार. तेवढ्यात भागत नाही, म्हणून उरलेल्या अर्ध्यापुरता भत्ता. एवढंच मागतोय.
"पण एक काहीतरी सांगा ना, आजी. जमतं की नाही जमत?"
म्हटलं, "तुम्ही अर्धी खिडकी उघडी ठेवून बसलाय. कचेरी चालू समजायची की बंद?"
त्यांनी उरलेली अर्धीही लावून घेतली.

१९ मार्च
आज कामावर गेली नाही. नळ सोडता येईना. मला हाकही मारली नाही. तोंड न धुता तशीच मोरीशी उभी होती.

२ एप्रिल
अपील दाखल केलं. दुकानाच्या मालकांना बाहेर गाठलं, ती आत गिऱ्हाइकापाशी असताना. भला माणूस. "मावशी, मी आहे तोवर तिची खुर्ची आहे." मग आवाज उतरवून म्हणाले, तिच्या हातून फ्रेमा पडतात, ते गुपचूप बदलून ठेवतात. तिला कळू देत नाहीत.
काचेतून पाहिलं. एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा ठेवून ती म्हणत होती, "हं, आता बघा." घरी हा चेहरा दिसत नाही.

२३ एप्रिल
सुनावणी. टेबलामागे तिघं. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले.
"आई, मी सांगते ना."
"तू गप्प बस. तू सांगितलंस की काय होतं ते पाहिलंय."
आणि मी बोलले. बरणीचं झाकण, दाराची किल्ली, अंगावरचा प्रत्येक हूक. न्हाणीघरात अडकली आणि दार तोडावं लागलं, तेही. सांगितलं, दुकानात हिला दयेपोटी ठेवलंय, हिने पाडलेल्या फ्रेमा मालक मुकाट बदलतात. आज हसते आहे ती सवयीने. हिच्याने काही होत नाही, पुढेही होणार नाही, डॉक्टरांना विचारा.
फ्रेमांचं तिला ठाऊक नव्हतं. पण उपयोगी पडलं. मधल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिले. कित्येक वर्षांत कोणी माझं असं ऐकलं नव्हतं.
परतताना बसमध्ये ती खिडकीशी डोळे मिटून बसली. दमली असेल.

६ मे
काही उत्तर नाही. ती दुकानात जाते, येते, झोपते. विचारलं की "बरी आहे."
भांडायला आता कोणी समोरही नाही.

१४ मे
मंजूर! पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. 'काम करण्यास कायमस्वरूपी असमर्थता सिद्ध.' सिद्ध! त्या खिडकीतल्या बाईंच्या नाकासमोर नेऊन धरावंसं वाटलं.
"पुन्हा वाच," म्हणाली. पुन्हा वाचलं.

१५ मे
दुकानातून लवकर आली. खुर्ची सोडून आली.
"अगं, भत्ता मागितला तेवढाच, अर्ध्या दिवसाचा आहे! आणि मालक तर ठेवायला तयार आहेत—"
"तू इतकं पटवून सांगितलंस, आई," ती म्हणाली. "मलाही पटलं."