हिरव्या मिरचीचा वास

जेलरोड, नाशिकरोड
सोमवार, दुपार

प्रिय तेजल,

होणाऱ्या सासूचं पत्र, तेही तुझ्या क्लिनिकवर, बघून दचकली असशील. पेशंट बसले असतील तर आत्ता वाचू नकोस, संध्याकाळी निवांत वाच. कुणाला काही झालेलं नाही. ज्ञानेश ऑफिसला गेलाय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहितेय.

काल सकाळी मला किती छान वाटत होतं! वायनरीत जायचं ज्ञानेशने ठरवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात काढली, पण घरात कधी बाटली आली नाही. मी तिथे जाऊन काय करणार? पण तू म्हणालीस, "आई, तुम्ही नुसता वास घ्या, मी आहे ना शेजारी." गंगापूर धरण मागे पडलं, भाड्याची गाडी टेकडी चढायला लागली. दोन्हीकडे द्राक्षांच्या रांगा, तोडणीला आलेल्या बायका, आणि तू माझा हात धरून एकेक दाखवत होतीस. मुलगी नाही मला. म्हटलं, आता आहे.

तिथली माहिती सांगणारी ती सृष्टी, दिंडोरीकडची, मला फार आवडली. ग्लास तिरका कसा धरायचा, गोल कसा फिरवायचा, सगळं तिने न कंटाळता दाखवलं. मीही पदर सावरत फिरवला. ती म्हणाली, इथे कुणाचं उत्तर चुकत नाही, ज्याच्या नाकाला जे येईल ते त्याने सांगायचं. पहिल्या पांढऱ्या वाइनला तू डोळे मिटलेस आणि लगेच म्हणालीस, "पेरू. आणि थोडी हिरवी मिरची, नुकती कापलेली." सृष्टीने टाळीच वाजवली. मी पण ग्लासात नाक घातलं, तर खरंच गं, मिरचीच! मी ते बोलणार तेवढ्यात ज्ञानेश हसला, "अगं, वाइन आहे ही, भाजीबाजार नाही." टेबलाभोवतीचे सगळे हसले. तू हसलीस. मीसुद्धा हसले.

मग गुलाबी आली. तू म्हणालीस, कोकम. त्याने तुझ्या मनगटावर हात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नीट घे वास." हात नुसता ठेवला होता, दाबला नव्हता, मी बघत होते. तू पुन्हा वास घेतलास आणि म्हणालीस, "हो, स्ट्रॉबेरीच आहे." लाल वाइनच्या वेळी सृष्टीने मुद्दाम आधी तुलाच विचारलं. तेव्हा तू ग्लासाकडे पाहिलं नाहीस, तेजल. तू त्याच्या तोंडाकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "तूच सांग ना." त्याने जे सांगितलं तेच तूही सांगितलंस.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. मला कळलं, कारण तसं बघणं मला पाठ आहे. मी रोज तसंच बघते. भाजी कुठली करू, टीव्ही लावू का, बहिणीला फोन करू का. शब्द तोंडातून निघायच्या आधी माझी नजर त्याच्या भुवयांवर जाते.

इथे लिहिता लिहिता उठले, चहा टाकला, आणि तो तसाच गार झाला. पोटचा मुलगा आहे माझा. मला डेंग्यू झाला तेव्हा त्याने हाताने पेज भरवली, दवाखान्यात खुर्चीवर बसून झोपला. तो ओरडत नाही. हात उगारत नाही, कधीच नाही. म्हणूनच तर कुणाला सांगता येत नाही. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर मी त्याच्या नोकरीबद्दल काहीतरी बोलले, कौतुकानेच, पण त्याला ते खटकलं. देवदिवाळी होऊन गेली तरी तो माझ्याशी बोलला नव्हता. याच टेबलावर समोर बसून जेवायचा. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचा. मग एक दिवस साडी घेऊन आला, गळ्यात पडला, आणि माफी मी मागितली, रडत रडत. त्याचे वडील इतके मवाळ होते की दूधवालासुद्धा त्यांच्यावर डाफरून जायचा. मग हे कुठून आलं, मला खरंच सापडत नाही. भजनी मंडळ मी गुडघ्यांमुळे सोडलं असं सगळ्यांना सांगितलंय. तू तर त्यासाठी मला व्यायामही शिकवलेस. गुडघे ठणठणीत आहेत माझे.

परतताना गाडीत तुझ्या भावाचा फोन आला. ज्ञानेशने नुसता हात पुढे केला आणि तू वाजत असलेला फोन त्याच्या तळहातावर ठेवलास. त्याने तो बंद करून स्वतःच्या खिशात टाकला. मग कॉलेज रोड येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत गप्प बसला. उतरताना तू हळूच म्हणालीस, "सॉरी हं, मी मघाशी उगाच काहीतरी बोलले." कशाची माफी मागितलीस गं? मिरचीची?

तुझ्या फोनचा पासवर्ड त्याला माहीत आहे, हे तूच मला लाजत सांगितलं होतंस, म्हणून हा कागद. पत्रिका गुरुवारी छापायला जाणार आहेत. त्याच्या आत सांगते, हे लग्न करू नकोस. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलेन. आजवर जमलेलं नाही, पण म्हणून तुला मध्ये उभी करणार नाही. उद्या कदाचित माझाच धीर सुटेल, तू विचारलंस तर मी "छे गं, तसं काही नाही" म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नकोस, आजचं ऐक. आणि चारचौघांत कारण काय सांगायचं याची चिंता करू नकोस. सासू खाष्ट निघाली म्हण, नांदू द्यायची नाही म्हण, हवं ते माझ्या नावावर घाल. लोकांना ते लगेच पटेल. कुणी पुढे एक प्रश्न विचारणार नाही.

तुझीच,
ज्ञानेशची आई