बहिणीच्या वाट्याची खोली

१२ जून २००५, चंद्रपूर

तीन बाथरूम! माणसं दोन, नवरा-बायको!

कोणतं कोणी वापरायचं, हे प्रेमिला सकाळपासून ठरवते आहे. चार बेडरूम, त्यातल्या दोन उघडायचं कामच पडत नाही. पियुष पुण्याला नोकरीला, दिवाळीला पोरगा पाहुण्यासारखा येतो. चार मजल्यांची बिल्डिंग, एका मजल्यावर एकच घर. लिफ्ट, जनरेटर, खाली वॉचमन. गावात लोडशेडिंग असलं तरी आमच्या हॉलमधलं झुंबर लखलखतं. तिसरा मजला अख्खा आपला!

'आपला' लिहिताना पेन अडकतं. का अडकतं ते मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

१३ जून

लिफ्टमध्ये मोठा आरसा आहे. जिन्यानंच चढलो. गुडघे बोंबलले.

१९ जून

आज वास्तुपूजा. रुखमाबाई जंगलाकाठच्या मोहर्लीहून पहिल्या बसनं आली. माझी थोरली बहीण, मी तिला बाईच म्हणतो. सोबत टोपलीभर मासोळ्या! लटारूभाऊजींनी पहाटे तलावात जाळं टाकून धरलेल्या. इकडे गुरुजी सत्यनारायण मांडून बसलेले, अन् ही दारात टोपली घेऊन. प्रेमिलाचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाई म्हणते, "उद्या खाजा नं मग! फ्रीज हाये नं तुमच्याकडं!"

मग घरभर फिरली. प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिला. "बाप्पा! येवढं घर! बाबा असता तं नाचला असता!" पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई प्रसादाला आल्या, त्यांना ओळखपाळख नसताना सांगते, "माह्या भावाचं घर हाये!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० जून

लिहूनच टाकतो. कोण वाचणार आहे!

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मोहर्लीजवळची शेती, धानाच्या बांध्या, माझ्या अन् बाईच्या, दोघांच्या. रिसॉर्टवाला जमिनीसाठी मागे लागला होता. बाईला घेऊन रजिस्ट्री ऑफिसात गेलो. सांगितलं, बाबाचं नाव काढून आपलं दोघांचं चढवायचं आहे. खोटं! कागद हक्कसोडीचा होता — तिनं तिचा हिस्सा मला सोडला, असा. तिनं अंगठा दिला. परत येताना तिला लुगडं घेऊन दिलं. ते तिनं गावभर दाखवलं — "भावानं घेऊन देल्लं!"

महिन्याभरात जमीन रिसॉर्टला गेली. तिला सांगितलं, भाव आला नाही, बाबांच्या आजारपणातच सगळं गेलं. त्या बांध्यांचं हे घर.

अन् शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो. हक्क आणि कर्तव्ये! पोरं पाठ करतात, मी मार्क देतो. नालायक!

२ जुलै

बाई आली, दिव्यानीला घेऊन. भाची बारावी पास झाली. सायन्स! भाऊजींच्या घराण्यात पहिलीच. तिला बी.एस्सी. करायचं आहे, अन् कॉलेज चंद्रपुरात.

बाई म्हणाली, "संध्याकाळची बस चुकली का जंगलातून पोरगी कशी येईन रे? वाघ का सांगून येते? तुह्याकडं दोन खोल्या रिकाम्याच हायेत. एका कोपऱ्यात पोरगी पडून राहीन. घरकाम बी करीन."

स्वयंपाकघरातून भांडी आदळल्याचा आवाज आला. अन् मी काय म्हटलं? "बाई, बिल्डिंगचा नियम आहे. नातेवाईक आठ दिवसांच्या वर ठेवता येत नाहीत."

कसला नियम! कुठला नियम! इतकं सरळ तोंडातून निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. दिव्यानी सारखी माझ्याकडे पाहत होती. मी पंख्याकडे.

बाई म्हणाली, "असा बी नियम रायते? रायत असन बापा, मोठ्या लोकाइच्या बिल्डिंगा." चहा घेतला, पदर सावरला, गेल्या दोघी.

तिला काय माहीत असेल नियम-बियम? भोळी आहे म्हणून तर माझं फावतं.

३ जुलै

प्रेमिला म्हणाली, "बरं झालं. आज एक आली असती, उद्या अख्खं मोहर्ली." पाप माझं, तिच्यावर कोणत्या तोंडानं ओरडू?

८ जुलै

वर्गात मुलींची हजेरी घेताना दिव्यानीचंच नाव तोंडात आलं. पोरी हसल्या.

१४ जुलै

राहवलं नाही. प्रेमिलाला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, बाईनं समजून-उमजून हिस्सा सोडला. तरी म्हणाली, "त्यात काय एवढं? सगळ्याच बहिणी सोडतात. मी नाही सोडला माझ्या भावांना?"

"तुला सांगून सोडवला का फसवून?"

तिनं हातातल्या शेंगा सोलून संपवल्या. मग उठून कोपऱ्यातली खोली झाडायला घेतली. पियुषचं जुनं टेबल तिनं स्वतः ओढत तिथे नेलं. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "सरका. तुम्ही आधी मोहर्लीला जा."

१७ जुलै

गेलो. उशीर झाला! कॉलेजची प्रवेशाची यादी कधीच लागून गेली. दिव्यानी घरी नव्हती. रिसॉर्टमध्ये कामाला लागली आहे — खोल्यांमधल्या चादरी बदलायच्या. आमच्याच बांध्यांवर!

बाई अंगणात राख लावून मासोळ्या घासत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कागदाचं, जमिनीचं, नियमाचंही. म्हटलं, पुढच्या वर्षी पाठव, खोली तिचीच आहे. रडू आलं. पन्नाशीचा माणूस, शेजारपाजारच्या बाया पाहत होत्या, तरी रडलो. तिनं मान वर केली नाही. मग बोलली. काय बोलली, ते आज लिहवत नाही.

१९ जुलै

बाई म्हणाली —

"मले माहीत होतं. तू पान खायले बाहेर गेलता नं, तवा रजिस्ट्रीच्या सायबानं सारा कागद वाचून दाखवला मले. दोनदा इचारलं, बाई, समजून सोडून राह्यली नं? मी हो म्हटलं. म्हटलं, जमीन गेली तं गेली, भाऊ तं राहीन."