गाडीवरच्या बाईची नजर

आई, तुझी गाडीवरची बाई आता माझ्या हॉलमध्ये आहे. अर्विंग गावातलं ते स्टेकहाऊस बंद झालं, तेव्हा मालकाच्या मुलाने तिचं चित्र असलेलं प्लायवूड स्वतः आणून दिलं. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या माझ्या आईने स्टेकहाऊसच्या भिंतींवर पश्चिमेकडे निघालेली जुनी अमेरिका रंगवली, हे मी अजून लोकांना सांगतो आणि त्यांचे चेहरे बघत बसतो. १९९०च्या सुमारास तू अमेरिकेत माझ्याकडे आलीस, थंडीला कंटाळलीस आणि लायब्ररीतली पुस्तकं बघून गॅरेजमध्ये काउबॉय काढायला लागलीस. हात पेणच्या माहेरच्या गणपतीच्या कारखान्यात तयार झालेला. तुझ्या घोड्यांच्या चेहऱ्यावर मूषकाची नम्रता असायची. पद्धतही कारखान्याचीच. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि त्या वेळी समोर घरचं माणूस हवं, कारण पहिली नजर त्याच्यावर पडते, हा तुझ्या वडिलांचा नियम. म्हणून प्रत्येक काउबॉयसमोर मी उभा. नेत्रोन्मीलन देवांचं असतं, गुराख्यांचं शास्त्रात नाही, असं मी म्हणायचो. ब्रश न थांबवता तू विचारायचीस, "मग कृष्ण कोण होता रे?" मी पुन्हा मान सरळ करून उभा राहायचो.

मग स्टेकहाऊससाठी ही बाई. कापडी छपराची गाडी, मांडीत पोर, हातात लगाम, चेहरा पूर्ण आणि डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलंय. या शनिवारी नक्की, मी सांगतो, आणि शनिवारी ऑफिसातच असतो. चित्र भिंतीवर चढलेलं, गिऱ्हाइकं तिच्यासमोर जेवायला कचरतात, मालक फोन करून कुरकुरतो. शेवटी तू त्यालाच समोर उभं केलंस, त्या ताडमाड माणसाला, हॅटसकट. तुला घ्यायला आलो तेव्हा ब्रश धुऊन झाले होते. गाडीत तू एवढंच म्हणालीस, "त्याच्याकडे बघतेय ती. चांगला माणूस आहे, चालेल." पुढे तू घोडे काढलेस, डोंगर काढलेस, धूळ काढलीस, माणूस एकही नाही. आई लँडस्केपकडे वळली, असं मी मित्रांना कौतुकाने सांगत होतो.

आता हॉलमध्ये कुठेही उभा राहिलो तरी ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघते. तुझ्या नातीचं म्हणणं, "शी लाइक्स द फॅन, बाबा." हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार. परवा घरात कुणी नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मी तिच्यासमोर त्यावर चढलो, आणि बराच वेळ खाली उतरलो नाही.