पंप धुण्याची जागा

दिगंबरदादा,

दोन वर्षांपूर्वी आपल्या शेतातल्या मातीत विष निघालं, ते माझ्या चुकीनं. बांधालगत जिथं तू फवारणीचे पंप धुतोस, नमुना मी तिथलाच घेतला होता. या वेळी शेतभर फिरून माती घेतली. बाकीचं रान स्वच्छ आहे, तेव्हाही असणार.

आज फोनवर मी निकाल तेवढा सांगितला. तू ओरडलास, "दोन साल ताग पेरून हिरवं खत म्हणून रानात गाडला, त्यानंच रान धुऊन निघालं बघ, मंजे! तुझ्या प्रयोगशाळेला जमलं असतं का?"

"न्हाई," मी म्हणाले. बांधालगत काही पेरू नकोस, एवढंच सांगितलं.

मग हळूच विचारलंस, "पोरीला, पुनमला, आता शेतातल्या शेंगा खाऊ देऊ?"

"दे. मलाही ठेव."

तुझी,
मंजुळा