खळ ओलीच ठेवावी

हे मृत्युपत्र मी हिवाळ्याच्या तोंडावरच लिहिणार होते. मग छाटणी आली, मग व्हॅनचा रेडिएटर फुटला, मग कोणीतरी किनाऱ्यावर कालवं काढायला बोलावलं. आता परवा होबार्टला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, त्यामुळे पळवाट उरलेली नाही.

सबब मी, टॅम्सिन वुलनो, वय सत्तावीस, ह्युऑन खोऱ्यात सफरचंदाची झाडं छाटणारी, असे नमूद करते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कोणी दटावलेलं नाही. याआधीचं मृत्युपत्र नाही. एवढा वेळ मी कधी एका जागी बसलेच नाही.

१. व्हॅन, गादी आणि आतल्या वासासह, शेजारच्या ब्रिजेटला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. म्हणून तिच्या आईला. पुढचं त्या दोघी बघतील.

२. छाटणीची कात्री आणि करवत, माझ्यानंतर जो शिडीवर चढेल त्याला. धार लावून वापरावी.

३. दगडी जातं, सोड्याचं पातेलं आणि निळं पिंप गावच्या शाळेला, जिथून मी पळाले. कृती अशी: छाटलेल्या फांद्या बारीक करून सोड्यात शिजवाव्यात, धुवाव्यात, जात्यातून पुन्हा पुन्हा काढाव्यात. तंतू इतके बारीक होतात की नुसती खळ दिसते. हेच नॅनोसेल्युलोज. रद्दीच्या लगद्यात थोडी मिसळली की खोक्याचा कागद भिजला तरी फाटत नाही. फांद्या वाळलेल्या चालतात. खळ मात्र कधीही वाळू देऊ नये. तंतू एकमेकांना असे चिकटतात की मग पाण्यानेही सुटत नाहीत.

४. माझा भाऊ एवन. बाबांची बाग त्याला मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. तो दर हिवाळ्यात छाटलेल्या फांद्या जाळतो. मी मागितल्या तेव्हा शिडीवरूनच म्हणाला, "काड्यांचा कागद करणार? बाईसाहेब, परीक्षेत कोरा ठेवलात तो कागद आधी भरा!" तरी फांद्या दिल्या. दिल्या, हे लिहायलाच हवं.

कागदाच्या गिरणीला दाखवायची खळ त्याच्या शेडमध्ये ठेवून मी उत्तरेला आंबे तोडायला गेले. आमच्या खोऱ्यात टिकवायचं म्हणजे वाळवायचं. त्याने सगळी खळ सफरचंदाच्या चकत्यांच्या जाळ्यांवर ओतून चुलीवर वाळवली. मी आले तेव्हा शिंगासारख्या टणक वड्या झाल्या होत्या.

"नासत होतं गं. पाणी घाल, फुगेल."

"हे काय सफरचंद आहे?"

"मग सांगून जायचं होतंस. सांगून कधी गेलीस तू?"

गिरणीने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. त्याने ते मुद्दाम केलं, असं मी मानते.

एवनला त्यातली एक वडी द्यावी. पाण्यात टाकून फुगायची वाट बघत बसावं. दुसरं काही नाही. माझ्या दफनालाही येऊ नये.

साक्षीदार: ब्रिजेट टॅटनेल, शेजारीण, गॉर्डन क्लेनन, टपालवाला.
स्थळ: ब्रिजेटचं स्वयंपाकघर. ऑगस्टचा शेवटचा मंगळवार, आमच्याकडचा हिवाळा सरताना.
सही:

सही करणारच होते. खिडकीशी उभी असलेली ब्रिजेट म्हणाली, "पेन खाली ठेव, टॅम. एवन आलाय."

"कशाला?"

"ट्रकभर फांद्या आणल्यात. यंदाच्या. जाळल्या नाहीत त्यानं. वर ओली पोती घातलीत, आणि वेड्यासारखा पाणी मारत उभा आहे."

फांद्यांना पाणी लागत नाही. हे त्याला कोणीतरी बाहेर जाऊन सांगायला हवं.