सगळ्या गल्लीची डाळ अळणी

ता. ३, सोमवार

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तर आधी टपकला तुझा मामा, पाठोपाठ घाम पुसत मामी. न कळवता. मी हौसेनं दोघांना नळाचं पाणी दिलं. म्हटलं, विहीर सुटली एकदाची. हे आपल्या भिंगरीच्या कारखान्यात समुद्रातून काढलेलं गोडं पाणी. मामी म्हणाली, किती हलकं लागतं. मग जेवायला बसलो आणि घोटाळा झाला. डाळ अळणी, भात अळणी, भाजी तर गवत. दुसऱ्या दिवशीही तेच. हात तोच, चिमूट तीच.

तुझ्यापाशी काय लपवू? महिनाभर असंच चाललंय. चाखलं की मलाही अळणी लागतं, म्हणजे जीभ शाबूत आहे, डोकंच दगा देतंय. मीठ घातलंसं वाटतं आणि घातलेलं नसतं. माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं; शेवटी मलाच विचारायच्या, बाई, तुम्ही कोणाच्या? मामा म्हणतो, आता एकटीनं गॅसपाशी राहायचं नाही. सोळा तारखेला टेम्पो आणतोय. घराला कुलूप आणि मी त्याच्याकडे. नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

तुझी आजी

ता. ७, शुक्रवार

ती. आजीस भिंगरीचा वाकून नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले, मग कपाळावर हात मारला. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले? महिना. आणि डाळ कधीपासून बिघडली? अगं, तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ. निम्मं मीठ जन्मभर त्या पाण्यानंच घातलं, तुझी चिमूट फक्त वरची. इथं आम्ही समुद्राचं पाणी जोरानं बारीक पडद्यातून ढकलतो. पाणी पलीकडे, मीठ अलीकडे. रोज तपासते म्हणून सांगते, तुझ्या नळात मीठ नावालाच येतं. खोटं वाटत असेल तर शेजारी विचार. तुझं डोकं जागच्या जागी आहे.

तुझीच,
भिंगरी

ता. १७, सोमवार

चि. भिंगरीस आशीर्वाद, या खेपेला दुप्पट.

विचारलं गं. लाज सोडून शिंपीणबाईला विचारलं, तर ती रडायलाच लागली. तिला वाटत होतं नवरा मुद्दाम खोड काढतोय. समोरच्या सासू-सुना पंधरा दिवस अबोल, एकमेकींवर आळ घेऊन. मास्तर तर जिभेचं औषध घेताहेत. सगळी गल्ली अळणी जेवत होती आणि जो तो तोंड मिटून. हसून हसून पोट दुखलं. मग मोरीत जाऊन जरा रडूनही घेतलं.

काल मामा-मामी टेम्पो घेऊन आले. मी आधी पानं वाढली, मीठ वाढवून. तुझं म्हणणं त्याला समजावलं. त्यानं डाळ तीनदा घेतली, मग मान खाली घालून म्हणाला, आई, तू मला विसरशील याचीच भीती वाटत होती. मी म्हटलं, तुझ्या खोड्या विसरायला मला आणखी एक जन्म लागेल. मामी म्हणाली, मीठ किंचित जास्तच झालंय. तिला काहीतरी म्हणायला हवंच. टेम्पोवाला मात्र सामान कुठंय विचारत उभा. त्यालाही जेवायला बसवलं.

माया अशीच वाहती ठेव.

तुझी आजी

ता. क. दोघं शनिवारी पुन्हा येतो म्हणालेत. या वेळी बसनं.