हनोईची बॅग

७ जुलै, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. माणूस आंतरराष्ट्रीय झाला की नोंद राहिलेली बरी. आमच्या द्रोणागिरीच्या कॉलेजात प्रिन्सिपॉलांनी 'आशिया कनेक्ट सेल' काढला आणि प्रमुख म्हणून माझं नाव जाहीर केलं. स्टाफरूममध्ये टाळ्या. सफिया मॅडम म्हणाल्या, दुसरं कोणी तयारच नव्हतं. मत्सर.
हनोई, काठमांडू, कोलंबो आणि आम्ही. चार कॉलेजांच्या मुलांचे एकत्र ऑनलाइन वर्ग. पहिला वर्ग २५ तारखेला. त्यात जो प्राध्यापक छाप पाडेल, त्याला डिसेंबरात हनोईच्या परिषदेचं आमंत्रण. प्रत्येक कॉलेजातून एकच. म्हणजे मीच.

८ जुलै
वॉचमनपासून चेअरमनपर्यंत अख्ख्या सोसायटीला सांगून झालं, की डिसेंबरात मी नसेन. अरुणा म्हणाली, आधी आमंत्रण तर येऊ दे. बायकोला व्हिजन नाही.

१२ जुलै
वाशीहून बॅग आणली. मोठी, निळी, चार चाकांची. हॉलमध्ये एका बोटाने पळवून पाहिली. अरुणाने विचारलं, एवढ्या बॅगेतून नेणार काय? म्हटलं, विचार. म्हणाली, मग पाऊच पुरला असता.

१५ जुलै
संकल्प: रोज दहा व्हिएतनामी शब्द. आज एक झाला. उद्या एकोणीस करायचे.
नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं म्हणे. एवढ्याशासाठी वेगळं घड्याळ! हनोईत हा मुद्दा मांडणार.

१६ जुलै
व्हिएतनामी: उद्या एकोणतीस.

१८ जुलै
कार्यक्रमपत्रिका तयार. दीपप्रज्वलन, नव्या राउटरचं पूजन, सत्कार, प्रिन्सिपॉलांचं मनोगत, माझं बीजभाषण. मुलांचा संवाद शेवटी, वेळ उरला तर.
सफिया मॅडम कॉम्प्युटर शिकवतात, मोरा बंदरावरून येतात, बोलायला फटकळ. म्हणाल्या, सर, मुलं एकमेकांशी बोलायला येणार ना, मग त्यांनाच आधी बोलू द्या. आज डब्यात काय आणलंय, एवढं विचारलं तरी गाडी सुरू होईल. डबा! आशियाई सहकार्यात डबा! तरी मोठ्या मनाने त्यांना आभारप्रदर्शन दिलं. दोन मिनिटं.

२४ जुलै
व्हिएतनामी राहू दे. इंग्रजी सगळ्यांना येतं.
भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. पस्तीस मिनिटं. अरुणा म्हणाली, निम्मं करा. कापायला बसलो तर दोन नवे मुद्दे सुचले. चाळीस.

२५ जुलै, संध्याकाळी
काय दिवस होता! नारळ मीच वाढवला, थेट राउटरच्या टेबलावर. थोडं पाणी राउटरवर उडालं. शुभच म्हणायचं. रुमालाने पुसलं.
मग बोलायला उभा राहिलो. मोठ्या पडद्यावर तिन्ही देश, आणि एकाचीही पापणी हलली नाही! हनोईच्या मॅडमचं तोंड कौतुकाने अर्धं उघडलं, ते शेवटपर्यंत मिटलंच नाही. काठमांडूच्या सरांनी चहाचा कप ओठांपाशी नेला आणि तसेच थांबले, माझं बोलणं संपेपर्यंत. याला म्हणतात श्रोते.
आपली मुलं मात्र चुळबुळत होती. सफिया मॅडम मध्येच फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. त्यांच्यामागे एकेक करून मुलंही सटकली. आभारप्रदर्शनाच्या वेळी समोर फक्त प्रिन्सिपॉल, तेही डोळे मिटून. मॅडमची उद्या लेखी तक्रार करणार.

२६ जुलै
तक्रार केली नाही.
प्रिन्सिपॉल म्हणाले, नारळाच्या पाण्याने राउटर गेला. विचारलं, कधी? म्हणाले, तुम्ही पुसत होतात तेव्हाच. पडद्यावर होते ते अडकून बसलेले चेहरे. सफिया मॅडमनी स्वतःच्या फोनवरून पाहुण्यांना गाठलं, झाला प्रकार सांगितला. मग व्हरांड्यात चारही देशांची मुलं डब्यांवरून गप्पा मारत बसली. कोलंबोवाले म्हणाले, चांगल्या कामाला नारळ आम्हीही फोडतो, पण वायरीपासून लांब.
तरी मुद्दा असा: राउटर बंद पडला नसता तर मुलं बोललीच नसती. बंद पाडला कोणी? मी. हे हनोईच्या लक्षात येईलच.

१० सप्टेंबर
हनोईहून मेल. आमंत्रण सफिया मॅडमना. दोनदा वाचली. आपलंही नाव असेल कुठेतरी, म्हणून पार खालपर्यंत गेलो. होतं. नारळवाल्या सरांना नमस्कार, असं.
वाईट वाटलं. उगाच कशाला खोटं लिहू, फार वाईट वाटलं. जेवलो नाही. अरुणाने ताट झाकून ठेवलं.

२ नोव्हेंबर
लिफ्टमध्ये चेअरमन भेटले, विचारलं, कधी निघताय? म्हटलं, तरुणांना संधी दिली. सफिया मॅडम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत.
बॅगेत अरुणाने गोधड्या भरल्यात.

२९ नोव्हेंबर
सफिया मॅडमकडे मोठी बॅग नाही, हे अरुणाला कुठून कळलं कोण जाणे. गोधड्या निघाल्या. चाकं मीच पुसली. मॅडम न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, सगळ्यांना वाटायला घरचे सुके बोंबील नेतेय, वास लागला तर रागावू नका. विचारांच्या जागी बोंबील! म्हटलं, न्या. डबा नीट बांधा.

४ डिसेंबर, दुपारी
हनोईहून सफिया मॅडमचा व्हिडिओ कॉल. तिन्ही देशांची मंडळी टेबलाभोवती जमली होती, त्यांना नारळवाले सर पाहायचे होते. भाषणाचा कागद जपून ठेवलाच होता. शर्ट बदलून बसलो.
पहिलं वाक्य म्हटलं. कोणी हलेना. दुसरं म्हटलं. हनोईच्या मॅडमचं तोंड पुन्हा अर्धं उघडं. थांबलो आणि विचारलं, ऐकू येतंय का?
सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच ऐकत होते.
एवढी माणसं आपलं ऐकतायत म्हटल्यावर मला पुढचं काही सुचेना. कागदावरचं अक्षर लागेना. शेवटी विचारलं, जेवलात का?
मग सगळे एकदम बोलायला लागले. काठमांडूच्या सरांनी तर ताटच कॅमेऱ्यासमोर धरलं. अर्धा तास चाललं. माझी पाळी काही परत आली नाही.